ट्रक ड्रायव्हर व्हायचं ठरवलंय: प्रशिक्षणात नेमकं काय शिकून घ्यावं?

पायवाट

नमस्कार मंडळी. चाळिशी जवळ आलीय. आजवरचं सगळं काम टेबल-खुर्चीतलं, हिशेब तपासण्याचं. ते काम आता आटत चाललंय आणि मला मोठी गाडी चालवायची आहे. हौस म्हणून नाही, पुढची पंधरा-वीस वर्षं याच्यावर घर चालवायचंय. कार बरीच वर्षं चालवतोय, रात्रीही चालवतो. घरात बोलून झालंय. बायकोचा होकार आहे, आईला मात्र काळजी वाटते.

दोन प्रशिक्षण संस्था बघून आलो. पहिली म्हणते, लवकरात लवकर तुम्हाला परवान्याच्या परीक्षेला उभं करू. दुसरीकडे वेळही जास्त लागतो आणि फीही जास्त, पण तिथे ट्रेलर जोडलेल्या गाडीवर शिकवतात आणि भरलेली गाडीही हातात देतात. संस्था पारखायची कशी? परवाना मिळणं आणि काम जमणं यात किती अंतर असतं? या वयात जमेल का? आणि जो भेटतो तो एअर ब्रेकबद्दलच का बोलतो? या कामात असलेल्यांनी जरा सविस्तर लिहावं.

दहाचाकी

पायवाट, आधी वयाचं. चाळिशीत आलेला माणूस उतावीळ नसतो, ही या कामात मोठी जमेची बाजू आहे. डोळे, कान, रक्तदाब, साखर यांची तपासणी मात्र फी भरण्याच्या आधी करून घ्या. बहुतेक देशांत या परवान्याला वैद्यकीय दाखला लागतो आणि तिथे अडकलात तर भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत.

आता एअर ब्रेक. कारमध्ये तुमचा पाय तेलाच्या दाबाने ब्रेक लावतो. मोठ्या गाडीत पॅडल ही नुसती चावी असते, काम टाकीतली दाबाची हवा करते. ती हवा पाइपांतून चाकापर्यंत पोहोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. ताशी ८८ किलोमीटरच्या वेगाला तेवढ्यात गाडी दहा-बारा मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक लागायला अजून सुरुवातही झालेली नसते. तुम्हाला दिसलं, तुम्ही ठरवलं, पाय उचलला, पॅडल दाबलं, हा वेळ त्याआधीच गेलेला असतो. कारवाल्याच्या पायाला हे अंतर माहीत नसतं. प्रशिक्षणात ते पायात मुरवायचं असतं आणि त्याला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट पार्किंग ब्रेकची. तो हवेने लागत नाही, तो लागतो जबर स्प्रिंगने. हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते म्हणून चाक मोकळं राहतं. अमेरिकेतल्या चालकांच्या अभ्यासपुस्तिकेत आकडे दिलेत: हवेचा दाब ६० पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच) आसपास उतरला की इशारा वाजतो आणि २० ते ४५ च्या दरम्यान स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो. दुसऱ्या देशांच्या गाड्यांत आकडे बदलतात, तत्त्व तेच. इशारा वाजला तर "पुढच्या ठिकाणापर्यंत जाऊ" असा विचार मनात आणायचा नाही. अजून ब्रेक तुमच्या हातात आहे तोवर बाजूला घेऊन थांबायचं. नंतर तो गाडीच्या मर्जीने लागणार, आणि कुठे लागेल ते सांगता येत नाही.

हबकॅप

मी वर्कशॉपमधून शिकवण्याकडे आलो. दहाचाकींनी लिहिलेल्या स्प्रिंगबद्दल एक सांगतो: ती ज्या डब्यात बसवलेली असते तो डबा स्वतः कधीही उघडू नका. आत दाबून बसलेल्या स्प्रिंगने माणसं दगावली आहेत.

संस्था कशी पारखायची म्हणालात. सकाळी लवकर तिथे जा आणि नुसतं उभं राहून बघा. विद्यार्थी आल्या आल्या केबिनमध्ये चढतात की आधी गाडीभोवती फेरी मारतात? फेरी मारत असतील तर हात लावून बघतात की कागदावर टिकमार्क करत चालतात? यावरून संस्था कळते.

ती फेरी कशी असावी ते लिहितो. लांबूनच बघायचं, गाडी एका बाजूला कलली आहे का. मग खाली बघायचं, तेल, पाणी, डिझेल ठिबकलंय का. मग टायर. जोडटायर असतील तिथे दोघांच्या मध्ये दगड अडकलाय का ते वाकून बघावं लागतं, उभ्याने दिसत नाही. अडकलेला दगड टायर कापतो, नाहीतर वेगात सुटून मागच्या गाडीच्या काचेवर जातो. जोडीतला एक टायर बसला तरी दुसरा भार घेतो, त्यामुळे लांबून सगळं ठीक वाटतं. म्हणून गेज लावायचं. व्हीलनटच्या कडेने गंजाच्या तांबूस रेघा पसरलेल्या दिसल्या तर नट सैल असल्याची शंका घ्यायची. मग इंजिन बंद करून, हवा पूर्ण भरलेली असताना, दार उघडं ठेवून शांत उभं राहायचं आणि ऐकायचं. गळती असली तर सुसकारा ऐकू येतो.

वाटेत थांबलात की प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हाताची मागची बाजू न्यायची. टेकवायची नाही, नुसती जवळ न्यायची. सगळे हब कोमट आणि एकाचीच धग लागतेय, म्हणजे तिथला ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जातंय. एकच हब गार असेल तर त्या चाकाला ब्रेकच लागत नाहीये. हे गार हब फार थोडे जण पकडतात. माझ्या हाताखालच्या पोरांना मी आधी तेच शोधायला लावतो.

टाकीतलं पाणी काढायलाही शिका. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. थंडीत ते गोठलं की ब्रेकच गोत्यात.

टॉपगियर

एवढं घाबरवू नका राव नवीन माणसाला. आता बऱ्याच नवीन गाड्यांत गियर आपोआप पडतात, कॅमेरे आहेत, लेन सोडली की गाडी ओरडते. परवाना काढा, एखाद्या अनुभवी ड्रायव्हरसोबत काम सुरू करा, बाकीचं रस्ता शिकवतो. मी असाच शिकलो. आमच्या वेळी संस्थेत दहा जणांना एक गाडी होती, पाळी आली की जेमतेम एक चक्कर. तरी सगळे लागले कामाला.

दहाचाकी

टॉपगियर, गियर आपोआप पडतात हे खरं. पण उतारावर कोणत्या गियरमध्ये उतरायचं हे अजूनही ड्रायव्हरलाच ठरवावं लागतं.

घाट उतरताना वेग ठरवायची जागा घाटमाथ्यावर असते. उतार सुरू होण्याआधी खालचा गियर टाकायचा. वेग वाढल्यावर खालचा गियर पडत नाही. मॅन्युअल गाडीत त्या खटपटीत गाडी न्यूट्रलमध्ये राहिली तर इंजिनचा सगळा धरबंध गेला, आता ब्रेक एकटे. सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात, लायनिंगची (ब्रेकच्या घासणाऱ्या थराची) पकड कमी होते, ड्रम (चाकासोबत फिरणारा, ज्यावर ते घासतं तो डबा) तापून फुगतो आणि लायनिंगपासून लांब जातो. पॅडल दाबलं जातं पण गाडी धरत नाही.

शिकवण्याची पद्धत अशी: आधी इंजिनने गाडी धरायची. मग एक सुरक्षित वेग ठरवायचा, समजा ६०. काटा ६० ला टेकला की ठाम ब्रेक दाबून ५२ च्या आसपास आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. पुन्हा ६० झाला की पुन्हा तेच. मधल्या वेळात ड्रम थोडे निवतात. पाय नुसता टेकवून ठेवायची कारवाल्यांची सवय इथे सोडावी लागते.

क्लेसी कमिन्स, ज्यांच्या नावाची इंजिनं आपण बघतो, ते १९३१ साली कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीत उतारावर ब्रेक हरलेल्या ट्रकमध्ये होते, थोडक्यात वाचले. पुढे त्यांनी इंजिनलाच ब्रेक बनवण्याची युक्ती काढली: सिलिंडरमध्ये हवा दाबली गेली की ती परत ढकलायच्या आत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडून सोडून द्यायची, म्हणजे इंजिन गाडीची ताकद खात राहतं. १९६१ साली जेकब्स कंपनीने ते उपकरण बाजारात आणलं. आजही उतारावर तेच कामाला येतं. फक्त ओल्या, निसरड्या रस्त्यावर मोकळ्या गाडीला ते जोरात लावायचं नाही, चाकं घसरतात.

तुम्ही रस्त्यावर शिकलात आणि सुखरूप आहात याचा आनंदच आहे. पण घाटातला पहिला धडा शेजारी जाणकार बसलेला असतानाच मिळावा, असं माझं ठाम मत आहे.

निळी_ताडपत्री

मी बाई आहे आणि ट्रेलर चालवते. वय काय, बाईमाणूस काय, गाडीला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो सीट, आरसे आणि स्टेअरिंग आपल्या उंचीप्रमाणे लावून घेण्याने. क्लच पूर्ण दाबला तरी गुडघ्यात थोडा बाक राहायला हवा. हे नीट केलं नाही तर संध्याकाळी कंबर उभी राहू देत नाही.

पायवाट, दुसरी संस्था भरलेला ट्रेलर देते म्हणालात ना, तिथेच जा. दोन गोष्टी ट्रेलरशिवाय शिकताच येत नाहीत.

पहिली वळण. ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, आतून कापत येतात. गाडी जितकी लांब आणि वळण जितकं तिखट, तितकी जास्त. म्हणून चौकात सरळ पुढे जाऊन उशिरा वळायचं आणि नजर आतल्या आरशात ठेवायची. त्या आतल्या जागेत दुचाकीवाला घुसतो, सायकलवाला घुसतो, कारण त्याला वाटतं तुम्ही जागा सोडलीत. आणि नेमका तोच तुम्हाला दिसत नाही. केबिनच्या अगदी समोर, दाराच्या खाली आणि ट्रेलरच्या मागे आंधळ्या जागा असतात. संस्थेत एकदा तुम्ही ड्रायव्हर सीटवर बसा आणि दुसऱ्याला गाडीभोवती फिरायला सांगा. माणूस कुठे कुठे गायब होतो ते बघा. मी आजही चौकात ते आठवून आरसा दुसऱ्यांदा बघते.

दुसरी रिव्हर्स. ट्रेलर उलटा वळतो. स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की त्याचं शेपूट डावीकडे जातं. शिकवणारे सांगतात, हात स्टेअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला न्यायचंय, त्या बाजूला हात न्या. सुरुवातीला याने डोक्यातला गोंधळ मिटतो. पण खरं कसब थोडं वळवून थांबण्यात आहे. ट्रेलर उशिरा ऐकतो. नवा माणूस वाट बघत नाही, अजून फिरवतो, आणि मग कोन इतका होतो की केबिन आणि ट्रेलर एकमेकांना भिडायला येतात. असं दिसायला लागलं की पुढे जाऊन सरळ करून घ्यायचं. पुढे जाण्यात कमीपणा नाही. मागे जाण्याआधी आणि शंका आली की मध्येच, ब्रेक लावून खाली उतरून बघायचं. वर केबल आहे का, फांदी आहे का तेही. मागून हॉर्न वाजले तरी.

हबकॅप

ताईंनी ट्रेलरचं लिहिलंय तर जोडणीचंही लिहितो. ट्रेलरची किंगपिन (खाली आलेली जाड पिन) ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुढच्या इंजिनवाल्या गाडीच्या, फिफ्थ व्हीलमध्ये (पिन पकडणाऱ्या जबड्याची प्लेट) बसली की "खट्" असा आवाज येतो. त्या आवाजावर भरवसा ठेवायचा नाही. ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवायचे, खालच्या गियरमध्ये गाडी हलकेच पुढे ओढून बघायची. मग उतरून टॉर्च घ्यायचा आणि खाली वाकून बघायचं: दोन प्लेटच्या मध्ये फट नको, जबडा पिनच्या गळ्याभोवती बंद झालेला हवा, दांडा लॉकच्या जागी हवा. पिन वरच्यावर बसली असेल तर ओढून बघतानाही ती कधीकधी धरते आणि पुढच्या वळणावर सुटते. म्हणून ओढणं आणि बघणं, दोन्ही करायचं. सोडताना आधी जमीन बघून ट्रेलरचे पाय खाली टेकवायचे, मग हवेचे पाइप, मग लॉक. शेवटी अजून एकदा बघा, पायांखालची जमीन घट्ट आहे ना.

अर्धीटाकी

मी टँकर चालवतो. सगळ्यांना वाटतं भरलेली गाडी अवघड. अर्धा टँकर त्याहून अवघड. अर्धी बादली घेऊन चालताना पाणी हिंदकळतं तसंच, फक्त इथे ते टनांत असतं. ब्रेक मारला की आतला माल पुढे येऊन आदळतो आणि थांबलेल्या गाडीलाही पुढे ढकलतो. आत आडपडदे असले तर लाट मोडते, पण दुधासारख्या मालाच्या टाक्या आतून गुळगुळीत ठेवतात, कारण धुवायला कोपरे नकोत. तिथे सगळं ड्रायव्हरच्या पायावर असतं.

पूर्ण मोकळ्या गाडीचंही तसंच. हलकी झाली म्हणून लवकर थांबेल असं वाटतं, पण भार नसल्याने चाकांची पकड कमी असते. ती भरलेल्या गाडीपेक्षा जास्त अंतर खाऊ शकते.

सुट्या मालाचं गणित लक्षात ठेवा: पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि दोन्ही बाजूंना व मागे ०.५ पट जोर सहन होईल अशी बांधणी हवी. युरोपात आणि अमेरिकेत दोन्हीकडे हाच हिशेब धरतात. दहा टन माल असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर आठ टनांचा रेटा तुमच्या पाठीकडे येतो. थोडं अंतर गेल्यावर माल बसतो, पट्टे ढिले पडतात. पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून पट्टे ताणून घ्यायची सवय लावा. संस्थेत माल बांधायला शिकवतात का, हे जरूर विचारा. बऱ्याच ठिकाणी शिकवत नाहीत.

लांबपल्ला

झोपेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

१९९७ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचं एक काम छापून आलं. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचं हातडोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं खालावतं, २४ तासांना ०.१० टक्क्यांच्या आसपास पोहोचतं. दारू न पिणारा ड्रायव्हरसुद्धा झोप मोडून निघाला की त्याच अवस्थेत स्टेअरिंगवर बसतो, आणि त्याला तसं वाटत नाही हा खरा धोका. पहाटे २ ते ६ आणि दुपारी जेवणानंतरचे तास, या वेळी शरीर आपणहून मंदावतं.

म्हणून तर नियम आहेत. युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची, दिवसाला ९ तास, आठवड्यातून फक्त दोनदा १०. अमेरिकेत १० तास विश्रांतीनंतर १४ तासांच्या आत ११ तास चालवता येतं. दोन्हीकडे गाडीतलं यंत्र नोंद ठेवतं. तुम्ही जिथे काम कराल तिथला नियम पाठ करा, आणि जो मालक पहिल्याच आठवड्यात "नोंद आम्ही बघून घेऊ" म्हणेल त्याच्याकडून उठून या.

काच खाली करणं, गाणी लावणं याने झोप जात नाही. जांभया वाढल्या, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, गाडी पट्ट्याकडे सरकतेय, म्हणजे वेळ झाली. सुरक्षित जागी लावून वीस मिनिटं डोळे मिटा, उठल्यावर लगेच निघू नका. घोरणं जास्त असेल तर त्याचीही तपासणी करून घ्या. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर आठ तास पडून राहूनही झोप होत नाही, आणि त्यावर उपचार आहे.

घरून

मी ड्रायव्हरची बायको. पायवाट, तुमच्या पत्नीनेही हा धागा वाचावा.

पहिलं वर्ष कठीण जातं. ठरलेल्या दिवशी माणूस येतोच असं नाही. माल उतरायला उशीर झाला की सगळं पुढे सरकतं. आम्ही एक ठरवलंय: गाडी चालू असताना मी फोन करत नाही. तातडीचं असेल तर निरोप टाकते, थांबले की ते करतात. भांडण किंवा पैशाचा विषय ते रस्त्यावर असताना काढत नाही. मन अस्वस्थ असलेला माणूस आरसा बघायला विसरतो.

कामाचा करार करताना विचारून घ्या, पैसे महिन्यावर, फेरीवर की किलोमीटरवर. किलोमीटरवर असतील तर माल चढवताना-उतरवताना थांबलेल्या तासांचं काय? दंड कोण भरणार? काही कंपन्या प्रशिक्षण फुकट देतात आणि ठरावीक काळ सोडून जायचं नाही असं लिहून घेतात. ते वाईटच असतं असं नाही, पण मध्येच सोडलं तर किती भरावे लागतील ते लेखी घ्या. माझ्या भावाने एका ठिकाणी हे तोंडी घेतलं होतं आणि नंतर खूप त्रास झाला.

टॉपगियर

लांबपल्ला, झोपेचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. घाटाचंही मान्य, दहाचाकी. माझा मुद्दा एवढाच की किती तास शिकवलं याला फार महत्त्व देऊ नये. अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ पासून नवशिक्यांना प्रशिक्षण सक्तीचं झालं, पण तिथेही किमान तास ठरवलेले नाहीत. जमतंय असं शिकवणाऱ्याने लिहून द्यायचं.

हबकॅप

बरोबर, आणि युरोपीय संघात उलट आहे: व्यावसायिक चालकाच्या पूर्ण सुरुवातीच्या अभ्यासक्रमाला २८० तास, आणि नंतर दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी. मला दुसरी पद्धत जास्त पटते. जमतंय असं लिहून देणाऱ्यावर पुढची तुकडी दारात उभी असल्याचा दबाव असतो. तास ठरलेले असले की त्याला नाही म्हणता येतं. पण तास मोजताना स्टेअरिंगवर तुम्ही स्वतः किती होतात तेवढेच मोजा, मागच्या बाकावर बसलेले सोडून द्या. दहा जणांत एक गाडी असेल तर कागदावरचे तास कितीही असोत, हातात फार थोडे येतात.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोने सगळा धागा वाचला. 'घरून' यांचा फोनचा नियम तिने लगेच स्वीकारला.

काल दोन्ही ठिकाणी पुन्हा जाऊन आलो. एका गाडीवर किती जण, उतारावर नेता का, माल बांधायला शिकवता का, असं विचारलं. पहिल्या ठिकाणी उत्तरं टाळली. दुसऱ्या ठिकाणी शिकवणाऱ्या बाईंनी मला थेट गाडीखाली वाकवून किंगपिनचा जबडा दाखवला. तिथे प्रवेश घेतला. वैद्यकीय तपासणी झाली, चष्म्याचा नंबर बदलावा लागला.

शेवटचा प्रश्न: त्यांच्याकडे मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक दोन्ही गाड्या आहेत. कशावर शिकू? आणि पहिल्या दिवशी सोबत काय न्यावं?

हबकॅप

मॅन्युअलवर. बऱ्याच देशांत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवान्यावर तेवढीच मुभा लिहून येते, आणि मग अर्ध्या नोकऱ्या दारातच बंद होतात. शिवाय गियर हाताने टाकला की इंजिन गाडीला कसं धरतं ते अंगाला कळतं, घाटात त्याचा उपयोग होतो.

न्यायचं काय: टॉर्च, हातमोजे, टायरगेज, छोटी वही आणि घट्ट सोलचे, घोटा झाकणारे बूट. चपला नकोत. चढता-उतरताना तोंड केबिनकडे, आणि दोन हात-दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले. उडी मारून उतरू नका. नव्या ड्रायव्हरांचे गुडघे आणि घोटे रस्त्यापेक्षा त्या पायऱ्यांवर जास्त जातात. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा, गाडीभोवती फिरताना ग्रीस लागतंच. पहिल्या आठवड्यानंतर इथे लिहा, रिव्हर्स कुठे अडतंय ते सांगा, ताई आणि मी आहोत.